मेंदूतल्या मूलपेशींपासून नव्या चेतापेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात अनेक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतरही नात्यागोत्यातली आणि ओळखीपाळखीची माणसे धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून फायली घेऊन माझ्याकडे येतात. कुणाच्या वडिलांना लकवा झालेला असतो, कुणाच्या आईला कंपवात किंवा अल्झायमर. मेंदू स्वतःच्या मूलपेशींतून नव्या चेतापेशी (न्यूरॉन) तयार करू शकतो का, हा प्रश्न त्यांच्यापैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या रूपात विचारतात. मी मेंदूविकारतज्ज्ञ नाही आणि या पानावर उपचार सुचवलेले नाहीत. वारंवार विचारल्या गेलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत, एवढेच.

मूलपेशी म्हणजे काय, आणि मेंदूत ती कुठे असते?

जी पेशी स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करते आणि शिवाय वेगळ्या कामाच्या पेशींनाही जन्म देते, तिला मूलपेशी (स्टेम सेल) म्हणतात. उंदराच्या मेंदूत अशा पेशी दोन ठिकाणी ठळकपणे सापडतात. पहिले ठिकाण म्हणजे मेंदूतल्या पाण्याने भरलेल्या पोकळ्यांची, म्हणजे पार्श्वनिलयांची, भिंत. दुसरे म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमधला डेंटेट गायरस हा पट्टा. १९९२ साली ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून अशा पेशी वेगळ्या केल्या आणि वाढीचे प्रथिन घातलेल्या द्रवात वाढवल्या. तेव्हा त्यांचे तरंगणारे छोटे गोळे तयार झाले आणि त्या गोळ्यांतून पुढे चेतापेशीही निघाल्या. १९९९ साली पार्श्वनिलयाच्या भिंतीतल्या मूलपेशींविषयी आणखी एक गोष्ट कळली. मेंदूत आधारपेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲस्ट्रोसाइटांसारख्याच त्या दिसतात. त्यामुळे इतकी वर्षे त्या समोर असूनही त्यांना कुणी ओळखले नव्हते.

मेंदूच्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, असे आम्ही शाळेत शिकलो. मग ते चूक होते का?

पूर्णपणे चूक नव्हते, पण नियमाला असलेला अपवाद तेव्हा शिकवला जात नव्हता. चेतापेशींची रचना उलगडून दाखवणारे आणि १९०६ साली नोबेल मिळवणारे सांतियागो रामोन इ काहाल यांचे मत असे होते की, प्रौढ मेंदूत पेशी मरतात, नव्याने उगवत नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाचे मत असल्यामुळे पुढची पन्नासएक वर्षे ते जवळपास नियमासारखेच मानले गेले.

१९६२ पासून जोसेफ ऑल्टमन यांनी आणि पुढे १९६५ साली ऑल्टमन व गोपाल दास यांनी मिळून जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांची युक्ती अतिशय सोपी होती. विभाजन होण्याआधी पेशीला आपल्या डीएनएची प्रत काढावी लागते आणि त्यासाठी थायमिडीन नावाचा घटक लागतो. त्यांनी उंदरांना किरणोत्सारी थायमिडीन टोचले, काही काळाने मेंदूचे पातळ काप घेतले आणि त्यांच्यावर छायाचित्रणाचा लेप चढवला. ज्या पेशीने प्रयोगाच्या काळात डीएनएची प्रत काढली होती, तिच्या केंद्रकावर काळे ठिपके उमटले. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींवरही ते ठिपके होते, म्हणजे त्या पेशी जन्मानंतर तयार झालेल्या होत्या. पुरावा काचपट्टीवर होता, तरी पुढची दोन दशके त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९८०च्या दशकात फर्नांडो नोटेबोम यांनी गाणाऱ्या कॅनरी पक्ष्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी गाण्याच्या परिपथात सामील होताना दाखवल्या. तेव्हा कुठे हा विषय पुन्हा उघडला. शिकवताना मला या इतिहासात नेहमी एक गोष्ट खटकत आली आहे. ठिपके दिसत होते, पण ते पाहण्याची तयारी नव्हती.

माणसाच्या मेंदूतही हे घडते, याला पुरावा काय?

१९९८ साली पीटर एरिक्सन, फ्रेड गेज आणि सहकाऱ्यांनी पाच कर्करुग्णांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठ किती वेगाने वाढते हे मोजण्यासाठी या रुग्णांना हयातीत ब्रोमोडीऑक्सियुरिडीन हे द्रव्य दिलेले होते. थायमिडीनप्रमाणेच तेही नव्या डीएनएत शिरते. मृत्यूनंतर तपासले असता डेंटेट गायरसमधल्या काही चेतापेशींतही ते सापडले.

२०१३ साली कर्स्टी स्पाल्डिंग, योनास फ्रिसेन आणि सहकाऱ्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. १९५५ ते १९६३ या काळात जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ खूप वाढला आणि त्यानंतर तो हळूहळू उतरत गेला. हवेतून तो पिकांत, पिकांतून आपल्या ताटात आणि ताटातून नव्या पेशींच्या डीएनएत जातो. पेशी तयार झाल्यावर तिच्या डीएनएमधला कार्बन सहसा बदलत नाही, त्यामुळे पेशीची जन्मतारीख तिच्या आतच नोंदलेली राहते. या मोजणीतून त्यांनी अंदाज बांधला की, प्रौढ माणसाच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी येतात. संपूर्ण मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा. तो एका छोट्या पट्ट्यापुरता आहे. मेंदूच्या ज्या बाह्यावरणाला लकव्यात इजा होते, तिथला तो नाही.

मग शास्त्रज्ञांत यावर वाद का आहे?

२०१८ साली एकाच वर्षात दोन परस्परविरोधी निबंध आले. शॉन सॉरेल्स, आर्तुरो आल्वारेझ-बुइया आणि सहकाऱ्यांना बालपणानंतर माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी सापडल्याच नाहीत. माउरा बोल्द्रिनी यांच्या गटाला मात्र १४ ते ७९ वयाच्या माणसांमध्ये त्या टिकून असल्याचे दिसले. २०१९ साली माद्रिदच्या मारिया ल्योरेन्स-मार्तिन यांच्या गटाने ८७ वर्षांपर्यंतच्या निरोगी माणसांत त्या दाखवल्या आणि अल्झायमरमध्ये त्यांची संख्या लक्षणीय घटते, असेही नोंदवले.

हा वाद चुरशीपेक्षा पद्धतीचा अधिक आहे. कोवळी चेतापेशी ओळखण्यासाठी डबलकॉर्टिन हे प्रथिन रंगवतात. ते मृत्यूनंतर लवकर नष्ट होते आणि ऊतक फॉर्मॅलिनसारख्या द्रवात जास्त वेळ ठेवले, तर त्याचा रंग उमटत नाही. प्रयोगशाळेतला उंदीर क्षणात गोठवता येतो. माणसाच्या बाबतीत मृत्यूपासून शवविच्छेदनापर्यंत कित्येक तास जातात, कधी रात्रही जाते. पेशी नव्हत्याच, की होत्या पण रंगल्या नाहीत, हे कळणे म्हणून अवघड होते. २०२५ साली फ्रिसेन यांच्या गटाने केवळ प्रथिनावर न विसंबता एकेका केंद्रकातल्या जनुकांच्या हालचाली वाचल्या आणि काही प्रौढ मेंदूंत विभाजन पावणाऱ्या पूर्वज पेशी दाखवल्या. माझे मत विचाराल तर प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी येतात, असे मी मानतो. किती येतात आणि माणसामाणसांत किती फरक पडतो, याविषयी सावधच राहावे. पार्श्वनिलयाच्या भिंतीतून घाणकंदाकडे, म्हणजे वास ओळखणाऱ्या भागाकडे, जाणारा कोवळ्या पेशींचा प्रवाह मात्र माणसात साधारण दीड वर्षाच्या वयानंतर आटतो. उंदरात तो आयुष्यभर वाहतो.

झोपलेल्या मूलपेशींना जागे करता येते का?

काटोल-नरखेडकडच्या संत्राबागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे लवकर समजेल. आंबिया बहारासाठी बागाईतदार बागेचे पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, नंतर पाणी सोडतो आणि मग फूल येते. मेंदूतली मूलपेशीही बहुतेक काळ अशीच विश्रांत असते. तिच्या शेजारच्या पेशींकडून आणि रक्तवाहिन्यांकडून येणारे संकेत ती कधी जागी व्हायची, हे ठरवतात. हाडे घडवणाऱ्या प्रथिनांच्या कुळातला बीएमपी हा एक आणि नॉच हा दुसरा, असे दोन संकेत तिला शांत ठेवतात, तर वाढीची काही प्रथिने तिला विभाजनाकडे ढकलतात.

येथे बागाईतदाराला ठाऊक असलेली दुसरी गोष्टही लागू पडते. झाडाला मारूनमुटकून दरवर्षी भरमसाट बहार घ्यायला लावला, तर झाड थकते. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीएमपीचा संकेत रोखला तेव्हा सुरुवातीला विभाजन वाढले, पण काही काळाने मूलपेशींचा साठाच आटला. त्यामुळे मूलपेशी 'ॲक्टिव्हेट' करतो असे सांगणाऱ्याला, किती काळासाठी आणि कशाच्या मोबदल्यात, असे विचारणे रास्त आहे.

लकव्यानंतर मेंदू स्वतःच नव्या पेशी तयार करून दुरुस्ती का करत नाही?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तर असे की, उंदीर आणि घुशींमध्ये तो तसा प्रयत्न करतो.

२००२ साली स्वीडनमधल्या आंद्रेयास आर्विडसन, ओले लिंडवाल आणि सहकाऱ्यांनी घुशींमध्ये रक्तपुरवठा रोखून लकवा घडवला. पार्श्वनिलयाच्या भिंतीतल्या कोवळ्या पेशी घाणकंदाचा नेहमीचा रस्ता सोडून इजा झालेल्या भागाकडे सरकल्या आणि काहींनी तिथल्या चेतापेशींचे रूपही धारण केले. बातमी म्हणून हे फारच मोठे होते. पण त्याच निबंधात लिहिलेले होते की, अशा कोवळ्या चेतापेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक काही आठवड्यांत मेल्या आणि मेलेल्या पेशींच्या जागी आलेल्या पेशींचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के होते. म्हणजे हजार पेशी मेल्या, तेव्हा दोन भरून निघाल्या.

आपल्याकडे सून आणणे आणि तिला नांदवणे यांत फरक करतात. चेतापेशीचेही तसेच आहे. जन्माला आलेली पेशी त्या घरात नांदली पाहिजे. तिला रक्तपुरवठा मिळाला पाहिजे, सूज आणि ॲस्ट्रोसाइटांनी बनलेला व्रण यांतून तिला वाट काढता आली पाहिजे आणि तिचा लांब तंतू नेमक्या दुसऱ्या पेशीपर्यंत पोहोचला पाहिजे. हाताची हालचाल चालवणाऱ्या पेशीचा तंतू मेंदूच्या बाह्यावरणापासून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो. गर्भात हे रस्ते आखले जातात तेव्हा अंतरे मिलिमीटरांत असतात. साठीच्या माणसात तीच वाट कित्येक सेंटीमीटरांची झालेली असते आणि वाटेवरचे जुने संकेत पुसलेले असतात. या क्षेत्राची बातमी वाचताना मी म्हणून पहिल्यांदा पेशी किती जन्मल्या ते पाहत नाही, किती महिन्यांनी किती उरल्या आणि कशाशी जोडल्या गेल्या ते शोधतो.

हिप्पोकॅम्पसमध्ये हे नांदणे जमते, कारण तिथला परिपथ नव्या पेशी सामावून घेण्यासाठीच घडलेला आहे. शिवाय तिथे तंतूला फार दूर जावे लागत नाही.

मेंदूतल्या दुसऱ्या पेशींचे चेतापेशींत रूपांतर करतात, असे वाचले. ते काय आहे?

मूलपेशी कमी असतील, तर ठिकाणावरच मुबलक असलेल्या ॲस्ट्रोसाइटांनाच चेतापेशी का करू नये, असा तो विचार आहे. मागदालेना ग्योट्झ, बेनेडिक्ट बेर्निंगर आणि इतरांनी काही नियामक जनुके घालून प्रयोगशाळेत हे दाखवले. २०१४ साली उंदरांमध्ये असेही दिसले की, लकव्यानंतर नॉच संकेत मंदावतो आणि काही ॲस्ट्रोसाइट आपणहून चेतापेशी निर्माण करू लागतात.

पण २०२० सालचा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पीटीबीपी१ हे एकच प्रथिन कमी केले की, ॲस्ट्रोसाइट चेतापेशी होतात आणि कंपवाताची लक्षणेही उंदरांमध्ये मिटतात, असे दोन नामांकित निबंधांत आले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने ॲस्ट्रोसाइटांवर कायमची खूण करून त्यांचा वंश तपासला. 'नव्या' चेतापेशींवर ती खूणच नव्हती. त्या आधीपासूनच तिथे असलेल्या चेतापेशी होत्या आणि ओळखण्यासाठी वापरलेला विषाणू त्यांच्यात गळून शिरला होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. शास्त्र आपली चूक अशी स्वतःच धरते. मात्र पहिली बातमी फोनवर फिरते आणि दुसरी फिरत नाही.

यासाठी गोळी किंवा इंजेक्शन आहे का?

मेंदूतल्या मूलपेशी जागवून लकवा, कंपवात किंवा अल्झायमर बरा करणारे मान्यताप्राप्त औषध आज नाही. प्रयत्न झाले आहेत. घुशींमध्ये आशादायक ठरलेली एचसीजी आणि एरिथ्रोपोएटिन ही जोडी लकव्याच्या ९६ रुग्णांना देऊन पाहिली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात निष्क्रिय इंजेक्शनच्या तुलनेत फरक आढळला नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी वाढवण्याच्या उद्देशाने आणलेले एनएसआय-१८९ हे औषधही नैराश्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मुख्य निकषावर उतरले नाही.

'तुमच्याच स्टेम सेल' टोचतात, त्या मेंदूतल्याच ना?

नाही, आणि इथेच सर्वाधिक फसगत होते.

काही वर्षांपूर्वी माझ्या मामांना लकवा झाला. मामेभावाने दुसऱ्या शहरातल्या एका केंद्राचे रंगीत पत्रक माझ्यासमोर ठेवले. त्यावर निळ्या प्रकाशाने झळकणारी चेतापेशी होती आणि आत काही लाखांचे 'पॅकेज' होते. "दादा, आपल्याच पेशी आहेत ना, मग त्यात धोका कायचा?" असे तो विचारत होता. मी त्याला संमतिपत्र मागवायला सांगितले. ते आले तेव्हा पद्धत कळली. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या कण्यात टोचायच्या. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'प्रायोगिक' हा शब्द होता, जो पहिल्या पानावर कुठेही नव्हता. आम्ही गेलो नाही.

अस्थिमज्जेतली मूलपेशी रक्त घडवते. ती मेंदूत जाऊन चेतापेशी होते असे एकेकाळी वाटले होते, पण २००२ साली असे दिसले की, अशा काही निरीक्षणांचे कारण दोन पेशी एकमेकींत मिसळणे हे होते. आपल्याच देशातला पुरावाही स्पष्ट आहे. तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पाच केंद्रांवर लकव्याच्या १२० रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा होता की, पेशी देणे सुरक्षित ठरले, पण फायदा झाला नाही.

पण दिल्याने नुकसान तरी काय होणार?

इस्रायलमधल्या एका मुलाला नऊ ते बारा वर्षांचा असताना मॉस्कोत गर्भातल्या चेता-मूलपेशी टोचल्या होत्या. पहिल्यांदा टोचल्यावर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी आढळल्या आणि तपासणीत त्या दात्याच्या पेशींपासून झालेल्या निघाल्या. ही नोंद २००९ साली प्रसिद्ध झाली. जी पेशी थांबता न येण्याइतकी वाढू शकते, तिच्याबद्दल सावध राहण्याचे कारण हेच आहे. अस्थिमज्जेच्या पेशींना हा धोका त्याच प्रमाणात लागू होत नाही, पण जंतुसंसर्ग, पैसा आणि वाया गेलेले फिजिओथेरपीचे आठवडे हे नुकसान खरेच असते.

जपानमध्ये कंपवातावर पेशींची शस्त्रक्रिया होते म्हणतात. ते वेगळे आहे का?

वेगळे आहे. शिन्या यामानाका यांनी २००६ साली शोधलेल्या पद्धतीने साध्या पेशीला मूलपेशीच्या अवस्थेत नेता येते आणि तिच्यापासून डोपामिन (कंपवातात कमी पडणारे रसायन) बनवणाऱ्या पेशींचे पूर्वज तयार करता येतात. क्योटोत अशा पेशी सात रुग्णांना बसवण्यात आल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गाठ झाल्याचे आढळले नाही. या पेशी प्रयोगशाळेत वाढवून बाहेरून आणलेल्या आहेत. मेंदूतल्या मूलपेशी त्यांत वापरलेल्या नाहीत. कंपवाताला हे त्यातल्या त्यात जमते, कारण डोपामिन ज्या भागात हवे तिथेच पेशी ठेवता येतात, तंतूंना लांबचा प्रवास करावा लागत नाही.

रोज अंबाझरी तलावावर फिरायला गेल्याने नव्या पेशी येतात का?

१९९९ साली चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची संख्या वाढल्याचे दिसले आणि हा निष्कर्ष पुढे अनेकदा जुळला. माणसात पेशी थेट मोजता येत नाहीत. २०११ सालच्या एका चाचणीत १२० वृद्धांपैकी वर्षभर चालणाऱ्या गटाच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले, पण आकारमान म्हणजे चेतापेशींची संख्या नव्हे. तलावाकाठी अवश्य फिरावे. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात राहतो, हे कारण पुरेसे आहे.

डोक्याला रेडिएशन दिल्याने या पेशींवर परिणाम होतो का?

होतो. विभाजन पावणाऱ्या पेशींना किरणांचा मार सर्वाधिक लागतो आणि हिप्पोकॅम्पसमधल्या मूलपेशी त्यांतच येतात. या विषयाचा आजच्या उपचारात खरोखर उपयोग झाला आहे तो येथे. संपूर्ण मेंदूला किरण देताना हिप्पोकॅम्पस शक्यतो वाचवण्याची पद्धत विकसित झाली आणि २०२० सालच्या एका मोठ्या चाचणीत, सोबत मेमॅन्टीन हे औषध देऊन, बौद्धिक क्षमता अधिक टिकल्याचे दिसले. प्रत्येक रुग्णात हे शक्य नसते, कारण गाठ कुठे आहे त्यावर ते अवलंबून असते. तरीही रेडिएशनच्या डॉक्टरांना "हिप्पोकॅम्पस वाचवता येईल का?" असे अवश्य विचारावे.

भारतात नियम काय आहेत आणि खरी चाचणी कशी ओळखावी?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा उपचार म्हणून वापर फक्त रक्ताच्या ठरावीक विकारांत, अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारख्या रूपात, मान्य आहे. बाकी सर्व वापर नोंदवलेल्या चाचणीतच व्हायला हवा. चाचणीची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' या सरकारी संकेतस्थळावर असते आणि तिचा क्रमांक 'सीटीआरआय' या अक्षरांनी सुरू होतो. तो क्रमांक लेखी मागावा. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या प्रयोगाचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे पॅकेजचा भाव सांगितला गेला की बाकी चौकशीची गरजच उरत नाही.

मग आज लकवा झाला तर काय करावे?

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले की, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे, मग ते नागपुरातले सरकारी मेडिकल असो, मेयो असो वा खासगी. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रात्री झाले आणि सकाळी पाहू म्हटले, तर ती वेळ निघून जाते. नंतरची सुधारणा मुख्यतः उरलेल्या चेतापेशींनी नवे जोड तयार केल्याने होते. सराव आणि फिजिओथेरपी त्यासाठीच असते.

या संशोधनासाठी मेंदू दान करता येतो का?

येतो. वर उल्लेख केलेले मानवी मेंदूविषयीचे बहुतेक ज्ञान दान केलेल्या मेंदूंतूनच आले आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदूंची बँक आहे. मृत्यूपासून ऊतक जतन होईपर्यंतचा वेळ जितका कमी, तितका त्याचा उपयोग अधिक. त्यामुळे इच्छा असल्यास घरच्यांशी बोलून, लेखी संमती देऊन आणि नागपुरातून हे कसे जमेल याची बँकेकडे आधीच विचारणा करून ठेवावी. देहदानाचा अर्ज आणि मेंदूदानाची संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फॉर्म भरताना पाहून घ्यावे.